मोत्याची हमी

मी परक्या माणसांशी बोलत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण आमच्या मोत्यासाठी एकदा बोलले. सोलापूरहून वैरागला जाताना जीप बंद पडली. कुत्रं बघून धर्मशाळेवाल्यानं नकार दिला, म्हणून बाबांनी धनगरांच्या तळावर विचारलं.

धनगरीण म्हणाली, "ऱ्हावा की. पर कुत्र्यानं मेंढरं बुजवली, तर लगीच उठायचं बगा."

मी धीर करून म्हणाले, "मोत्या शहाणा आहे, मावशी. मी हमी देते."

मी खाली बसले, तेवढ्यात एक कोकरू मागून माझी वेणी चघळू लागलं. मी किंचाळून उडी मारली आणि सगळा कळप उधळला. मोत्या जागचा हललासुद्धा नाही.

मेंढरं गोळा करून दमलेली धनगरीण बाबांना म्हणाली, "कुत्रं ऱ्हाऊ द्या मोकळं. पोरीला तेवढं बांधा."