दहा अक्षरांवर कापलेली नावं

ताई : बदलीचा अर्ज दिलाय मी. आता तुझी मशीनांची यादी पळो नाहीतर रांगो, मला काय त्याचं!

मास्तर : ताई, एकदा बघा तरी. एंटर दाबा फक्त.

ताई : दाबते. चल, चहा घेऊन येऊ. चार मिनिटं लागतात तुझ्या प्रोग्रामला... अरे? आली?

मास्तर : दोन सेकंद.

ताई : तीनशे दहा व्हर्च्युअल मशीनं, सर्व्हरच्या पोटातले तीनशे दहा कॉम्प्युटर, दोन सेकंदांत? काहीतरी गाळलं असशील.

मास्तर : मोजा. आधी एकेका मशीनला हाक मारून 'ओ' येईपर्यंत ताटकळायचं. बंद पडलेल्यासाठीसुद्धा. आता सगळ्यांना एकदम हाक. जे बोलत नाही, त्याच्यापुढे 'उत्तर नाही' लिहून मोकळं.

ताई : हे आठ वर्षांपूर्वी नाही सुचलं होय रे?

मास्तर : तेव्हा नऊच मशीनं होती!

ताई : असो. छान झालंय. पण जुनं पुसायचं सोडून मी मुलांच्या निकालाचं चालू मशीन पुसलं ना? ते परत उभं करायला तीन दिवस सगळं ऑफिस राबलं माझ्यापायी. आता 'डिलीट' दिसलं तरी बोटं गारठतात.

मास्तर : जरा खाली या. निकालाची मशीनं वाचा.

ताई : 'निकाल-फेरतपासणी-चालू'. 'निकाल-फेरतपासणी-जुनं'... ही पूर्ण नावं कधीपासून?

मास्तर : कालपासून. आधी यादी दहा अक्षरांवर नाव कापायची.

ताई : म्हणजे त्या दिवशी...

मास्तर : तुम्हाला 'निकाल-फेरतपासणी' एवढंच दिसलं. दोनदा.

ताई : सांगत होते मी! घसा कोरडा पडला सांगून. शेवटी मलाच वाटायला लागलं, आपलंच वय झालं. कुठल्या गाढवानं कापली ही नावं?

मास्तर : मी. माझा स्क्रीन लहान होता. ओळ मोडायची, बरं नव्हतं दिसत.



ताई : बरं नव्हतं दिसत! दीड महिना धड झोपले नाही मी, मास्तर.

मास्तर : माहितीये. सकाळी साहेबांना लेखी देऊन आलो, चूक माझी म्हणून.

ताई : मग?

मास्तर : बिनपाण्यानं केली माझी. तुमचा अर्ज अजून त्यांच्या टेबलावरच आहे. तुम्ही म्हणाल तसं करतील.

ताई : ते जुनं मशीन अजून पडूनच आहे की.

मास्तर : पुसायची कोणाची छाती होईना.

ताई : सरक... पूर्ण नाव घेऊन विचारतंय, 'नक्की पुसायचं?'

मास्तर : आता दर वेळी विचारेल.

ताई : पुसलं. यादी परत... हं. 'चालू' आहे जागेवर. जा, माझा अर्ज घेऊन ये. आणि येताना चहा आण, मध्ये प्यायला वेळच ठेवला नाहीस तू.