मधला आडोसा

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे तळ्यावर काम करणारे दोन माळी उभे होते. धाकट्याच्या हाताला पट्टी होती.

"बदकं चावली का रे?" थोरल्याने विचारलं.

"छे, दादा. ती आता गुण्यागोविंदाने राहतात. काठ उघडा होता तोवर पाणकोंबड्यांशी रोज जुंपायची. आपण काठाने पाणकणसं लावली, मधे आडोसा झाला, आता शेजारीशेजारी घरटी आहेत."

"मग हे कशाने झालं?"

"म्हटलं, घरीही करून बघू. स्वयंपाकघरात आई आणि बायकोच्या मधोमध कपाट उभं केलं."

"भांडणं थांबली?"

"त्याच दिवशी. कपाट कुठे हवं, यावर दोघींचं एकमत असतं."

"मग बिघडलं कुठे?"

"एकमत रोज नव्या जागेवर होतं, दादा. आणि कपाट हलवायला मी एकटा."