आधी कोंबड्या उडाल्या, मग पोरगी वळली

आमी मूळचं आटपाडीकडचं, धनगर. आमच्या रानात पाऊस नावाला, बाजरी आली तर आली, त्यामुळं दिवाळी झाली की मेंढरं घिऊन खाली नदीकाठाला उतरायचं, कुंडल, पलूस, कवा कवा पार पाटणच्या अंगाला, आन् उन्हाळा सरत आला की माघारी घराकडं. माझा जन्म असाच वाटंवरचा, आईनं एका शेतकऱ्याच्या रानात मला जन्म दिला आन् तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड हाललं. मला लिवता-वाचता येत न्हाई, पर यादी लागती मला, तोंडानं का व्हईना. घोड्यावर आधी काय, मग काय, ह्ये अजून झोपेतबी सांगीन. आधी वाघर, म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी, मग घोंगडी, मग पिठाचं गठुळं, भांडी, त्याच्यावर कोंबड्यांचं डालगं, आन् समद्यात वर ज्येला चालता येत न्हाई ते, नवी कोकरं आन् घरातलं तान्हं पोर.

माझी नात माया अशीच डालग्याशेजारी बसून मोठी झाली. बिरूची, माझ्या ल्येकाची पोरगी. सून कमल माझ्याच भावाची ल्येक, म्हणून मला आत्याच म्हणती, सासू म्हणून कवा वागली न्हाई आन् मीबी वागू दिलं न्हाई. माया बसली येळंवर, रांगली येळंवर, चालली तर इतर पोरांच्या आधी. कोकराच्या मागं पळायची, हसायची, हात वर करून घोड्यावर घ्या म्हणायची. मग कुणाला शंका येणार हो?

आता आमचं कसं असतंय ते सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल ही माणसं आंधळी हुती का काय. मेंढराच्या मागं माणूस एका टेकाडावर, दुसरा दुसऱ्या टेकाडावर, मधी वारा. तिथं बोलून भागत न्हाई. काठी वर केली की थांब, घोंगडं हलीवलं की माघारी फीर, बोटं तोंडाकडं नेली की भाकरी झाली. घरात आल्यावरबी तेच. आमचं मालक तर दिवसातनं चार शब्द बोलत्यात, त्यातलं दोन कुत्र्याला. अशात एक पोरगी बोलत न्हाई, नुसती हात करती, तर आमाला वाटलं, आजोबावर गेली.

आन् हाक मारली की वळायची हो. शीळ घातली की मेंढरं वळत्यात, मेंढरं वळली की माया वळायची. कुत्रं कान टवकारायचं, माया तिकडं बघायची. आमी म्हणायचो, किती हुशार पोर, कुत्र्याच्या बरोबरीनं ऐकती.

खरं काय ते कमलच्या ध्यानात आलं. पावसाळ्यात आमी घरी हुतो, मेंढरं रानात गेलेली, माया अंगणात खडं मांडत बसलेली, वरीस उलटून सा-सात म्हैनं झालं असतील तिला. कमलच्या हातनं पितळंची घागर निसटली, मागं फरशीवर पडली, केवढा आवाज. मी आत चुलीपाशी दचकले. कमल आत आली, तोंड पांढरंफटक. म्हणाली आत्या, आधी कोंबड्या उडाल्या, मग पोरगी वळली. मी म्हटलं मग काय झालं. ती म्हणाली, आत्या, घागरीला न्हाई वळली, कोंबड्यांला वळली.

दुसऱ्या दिवशी मी कोंबड्या डालग्याखाली डालल्या, कुत्रं बांधलं आन् मायाच्या मागं उभी ऱ्हाऊन परात वाजीवली. पोर खडं मांडत ऱ्हायली. खडं छान मांडायची ती, एका रेघंत.

मालकांला सांगितलं तर म्हणालं, बिरूबी तीन वर्साचा हुईस्तवर बोलला न्हाई, आता बोलून बोलून डोकं खातोय. मी म्हटलं बिरू बोलत नव्हता पर परात वाजली की रडायचा. ते म्हणालं, तू आता डॉक्टरीण झालीस काय? म्हटलं व्हय, आन् तुमी माझं कंपाउंडर, उठा, एष्टी गाठायची हाय.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणालं, हितं ही तपासणी हुयाची न्हाई, सांगलीला जावा, पुढं ढकलू नका. सांगलीला गेलो, मी, मालक, कमल आन् पोर. तिथं एक तरणी बाई हुती, बारक्या पोरांचं कान तपासायची आन् बोलायला शिकवायची. तिनं मायाला माझ्या मांडीवर बसीवलं आन् मागनं ढोलकं वाजीवलं. माया वळली! माझ्या जिवात जीव आला, मालक तर उठून पटका बांधाय लागलं, चला म्हणालं, झालं काम. पर ती बाई माझ्याकडं बघत हुती. म्हणाली, मावशी, ढोलकं वाजल्यावर तुमी डोळं हलीवलं, तिनं तुमचं डोळं बघितलं. आता परत वाजीवते, तुमी समोर भितीकडं बघा, मांडीबी हलवू नका.

मी भितीकडं बघितलं. भितीवर एका बाळाचं चित्र हुतं, लय गोबरं बाळ. मागं ढोलकं वाजत हुतं आन् माझ्या मांडीवरची पोर माझ्या गळ्यातल्या डोरल्याशी खेळत हुती. काय सांगू तुमाला, न हलता बसणं कवा एवढं जड गेलं न्हाई.

मोठ्या डॉक्टरांनी परत मशीन लावून बघितलं. नात्यात लगीन हाय का इचारलं, आमी व्हय म्हणालो. ते म्हणालं त्यामुळंबी असंल, न्हाईतर नसंलबी, कुणाला बोल लावू नका. थोडं ऐकू येतंय, मोठा आवाज असंल तर, कानाला मशीन लावलं तर वाढंल. पर त्या बाईनं कमलला जवळ बसवून नीट सांगितलं. म्हणाली, बोलणं शिकायचं वय ह्येच हाय. आत्ता कानावर शब्द पडलं तर पोर शब्द धरंल. नुसतं मशीन लावून भागत न्हाई, सकाळी उठल्यापासनं झोपंस्तवर आईनं तिच्याशी बोलायचं, ती जे बघती त्याचं नाव घ्यायचं, आन् दर आठवड्याला हितं आणायचं. वरीसभर थांबलात तर ते वरीस परत मिळत न्हाई.

आन् दिवाळी तोंडावर आलेली.

बिऱ्हाडात सून नसली तर काय हुतंय ते बाहेरच्याला कळायचं न्हाई. पाणी कुणी आणायचं, घोडं कुणी लादायचं, पुरुष मेंढराच्या मागं गेल्यावर मुक्कामावर कुणी ऱ्हायचं. बिरू म्हणाला, आवं आई, पुढच्या वर्षी बघू. मालक म्हणालं, बाईमाणूस मागं ठेवून बिऱ्हाड कवा गेलंय काय, लोक म्हणतील ह्यांनी सुनंला टाकली. कमल खाली मान घालून भाकरी थापत हुती, थापायचा आवाज मोठा व्हत चालला.

मी तोंडानं यादीच केली. म्हटलं, कमल आन् माया कुंडलला माझ्या भावाकडं, कमलच्या बापाकडंच ऱ्हातील. भाऊ मेंढरं सोडून शेतीला लागलाय, घर पक्कं हाय, तिथनं सांगलीला एष्टी हाय. पाणी मी आणीन. घोडं बिरू लादंल, मी सांगीन तसं. भाकऱ्या मी थापीन. मालक, तुमी कोकरं वर बसवायची. आन् लोक इचारतील तर सांगायचं, सून माह्यारी बसाय गेली न्हाई, कामाला गेली. मालक म्हणालं, माझ्या आयुष्यात मी कोकरं बसीवली न्हाईत. म्हटलं मग शिकाल, पोरगी शिकणार हाय, तुमी का न्हाई.

तो सीझन कसा काढला ते माझ्या कंबरंला म्हाईत. मालकांनी बसीवलेली कोकरं वाटंत दोनदा घसरली.

कुंडलवरनं निरोप यायचा, पर चांगला न्हाई यायचा. माया सांगलीतनं मिळालेलं मशीन उपसून टाकती. छातीवर डबी, तिथनं कानाला वायरी, पोरीला टोचायचं ते. कमलनं जुन्या लुगड्याचं बंडीसारखं शिवून डबीला खिसा केला, पाठीमागं गाठ मारली म्हणजे हात पुरायचा न्हाई. मग निरोप आला, आता काढत न्हाई, पर बोलतबी न्हाई. सांगलीची बाई कमलला म्हणाली, आधी तोंडानं शब्द, मग हाताची खूण, हात सोडू नको पर हाताला पुढं पळू देऊ नको. कमल, माझी भाची, जिचं बोलणं लग्नात आमी ऐकलं नव्हतं, ती दिवसभर बोलाय लागली. ह्यो पाटा, ह्ये वांगं, ही म्हस आली, म्हस गेली. माझी भावजय, तिची सख्खी आई, म्हणायची, वन्सं, तुमची सून येडी झाली.

उन्हाळा सरताना आमी माघारी कुंडलात आलो. सकाळची येळ. भावाच्या घराच्या अलीकडं ऊस लागतोय, तिथं मी समद्यांला थांबीवलं. बिरूला म्हटलं कुत्रं धर, मेंढरं पुढं सोडू नको. आमच्या म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यात घंटा असती, ती सोडली, वाजू नये म्हणून तिची जीभ मुठीत दाबून धरली आन् एकटी गेले. मालकांला म्हटलं हितंच थांबा. ते थांबलं न्हाईत, पर लांबनं आलं.

माया अंगणात आमच्याकडं पाठ करून बसली हुती, खडं मांडत. कमल आन् भावजय समोर ज्वारी पाखडत हुत्या. मी कमलला हात केला, डोळं खाली, हलू नको. तिनं सूप तसंच धरलं.

मी घंटा वाजीवली. काय न्हाई. माझं सावलीकडं ध्यान गेलं, म्हटलं आपली सावली तिच्यापुढं पडाय नको, म्हणून दोन पावलं बाजूला झाले. परत वाजीवली. पोरीचा खड्याचा हात थांबला. कुणी हललं न्हाई, कोंबडी न्हाई, कुत्रं न्हाई, कमलच्या पापण्याबी न्हाईत. आन् माया वळली. माझ्या तोंडाकडं न्हाई बघितलं तिनं. घंटंकडं बघितलं. मग बोट कानाला लावलं, आवाज आला की लाव म्हणून सांगलीत शिकीवलं हुतं तसं, आन् काहीतरी म्हणाली, आँ का आलं, ते देवाला ठावं.

मालक मागं उभं हुतं. मग म्हणालं, ह्या वर्षीबी सून हितंच ऱ्हाऊ दे, कोकरं मी बसवीन.

आता माया सात वर्साची हाय. शाळंत जाती, पुढच्या बाकावर बसती, मास्तर फळ्याकडं तोंड करून बोललं की उठून सांगती, इकडं बघून बोला. नवख्या माणसाला तिचं बोलणं जरा उशिरा कळतंय, आमाला कळतंय, आन् आजोबांला तर एवढं बोलावं लागतंय की ते म्हणत्यात, चार शब्दांत म्हातारपण निघालं असतं माझं. मशीनचं सेल संपलं की रुसती. कवा मशीनची कानात घालायची गुंडी कोकराच्या कानाला लावून त्येला इचारती, आलं का?

कुणाच्या घरात तान्हं असंल तर माझं एवढं सांगा. कोंबड्या डाला, कुत्रं बांधा, आपलं डोळं सांभाळा, आन् पोराच्या पाठीमागनं एकदा हाक मारा. वळलं तर देव भलं करो. न्हाई वळलं तरी देव भलं करो, पर तेवढी सकाळची एष्टी चुकवू नका.