थोरलं लोखंड

न्हाय, न्हाय, परत घाला की ती काडी — नीट, पार बुडापतोर. हां. आता नळीच्या तोंडाशी अंगठा धरा, काढा, आन् भाइरनं लावून बगा… वीतभर आखूड. म्हंजे आत काय तरी बसलंय. माती आसंल वं पावणं, कुंभारमाशीनं घर केलं आसंल. न्हाय म्हणतासा? भरलेली? कवाची — सत्तर-ऐंशी वर्सांची? आन् अजून जित्ती? अवो, जरा हळू बोला, आत माझं बाळ झोपलंय. नऊ दिवसांचं हाय.

बसा, चहा घ्या. हितंच सोप्यात बसा, बाळंतिणीच्या खोलीत परक्या गड्यानं यायचं न्हाय, आत्तींचा नेम हाय — आत्ती म्हंजे माझ्या सासूबाई, धोंडुबाई. त्या गेल्यात म्हाद्वार रोडला, बारशाची अंगडी-टोपडी आणाय. म्हणून तर राजवीर भावजीस्नी म्हटलं, जुन्या हत्यारांचं ते सर हाईत न्हवं, त्यास्नी आजच बोलवा. भावजींनी काल जुनं लोखंड म्हणून मोबाईलवर फोटो धाडलता आन् तुम्ही उलट लिवलं, 'कुणी हात लावू नका.' हात लावू नका! अवो, हात काय घेऊन बसलासा, तिला डोस्कं टेकून झोपलोय आमी.

आमास्नी काय ठावं ती अजून बंदूक हाय ते? तिला ना दस्ता, ना घोडा. ह्यांचे पणजोबा, हंबीरराव, रानात रखवालीला हुते म्हणं, डुकरं हाकलाय ठेवायचे. ते गेले, लाकूड वाळवीनं खाल्लं, उरली नळी. टाकायची कशाला, लोखंड हाय की — आन् घरात बाळंतीण हुती, तर ठेवली तिच्या उशाला. तुमच्यात ठेवत न्हाईत? बाळाच्या उशाला लोखंड पायजेच, कुणी विळा ठेवतंय, कुणी अडकित्ता. आमच्यात ही. थोरलं लोखंड म्हणतात हिला. पाचवीला हळद-कुकू, खंडेनवमीला झेंडूची माळ, आन् दर बाळंतपणाला खोबरेल लावून पुसायची. आत विंचू शिरू नये म्हणून तोंडात चिंधी कोंबून वरनं लाख — ती मगाशी तुम्ही खरवडली ती. त्यानंच टिकली म्हणतासा? पाण्याचा थेंब आत गेला न्हाय म्हणून दारू सुकी? बगा म्हंजे! ह्या घरच्या सासवांनी सुनांस्नी जपलं न्हाय एवढं हिला जपलं.

आन् खाली शेगडी — का वं, काय झालं? बाळंतिणीला शेक नको व्हय? बाजंखाली निखाऱ्याची शेगडी, त्याच्यावर ओवा-शेपा, सकाळ-सांज धुरी. उशाला ही. कवा सुंभातनं घसरून एक टोक खाली लोंबायचं, चटका बसायचा हाताला, परत वर सारायची. तोंड कुणीकडं, बूड कुणीकडं, कोण बघतंय? असं डोळं फाडून बघू नका सर, मी कालपास्नं तेच बघतीया. त्याच बाजंवर ह्यांच्या बाचा जलम, त्याच बाजंवर ह्यांचा, भावजींचा. ठिणगी कवा उडाली नसंल? सगळी जगली की. तीन पिढ्या सगळी जगली.

सगळी म्हंजे — एक सोडून.

न्हाय, ते जाऊ दे. चहा निवला तुमचा… पयली मुलगी हुती मला. दोन वर्सं झाली. नाव न्हवतं तिला — बारशाच्या आत गेली तर नाव कुठलं? मला आई न्हाय, म्हणून दोन्ही बाळंतपणं हितंच. नवव्या दिवशी अंग तापलं, उचकी लागली, दवाखान्यात नेलं तर डाक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात जंतू गेलं. तसं चिठ्ठीवर लिवलंय, मी वाचलंय, सातवी झालीया माझी. आत्ती अजून आल्या-गेल्याला सांगतात, देवाची मर्जी, आमी तर थोरलं लोखंड ठेवलतं. ठेवलतं की. त्यास्नी काय ठावं.

मी काढलतं. सहाव्या दिवशी. तिचं डोकं एवढंसं, माझ्या मुठीएवढं, आन् ही मुसळागत — लागंल तिला, म्हणून काढली आन् ज्वारीच्या कणगीमागं सारली. उशाला दुपटं असं गुंडाळून ठेवलं की वरनं नळीच वाटावी. तीन दिवस. आन् ती गेली, सगळी भाइर रडत हुती, तवा मी पयलं काय केलं सांगू? कणगीमागनं काढून परत उशाला ठेवली. रिकाम्या बाजंवर. — हे ह्यास्नीबी ठावं न्हाय. तुम्हास्नी कशाला सांगत बसले कुणास ठावं. पर तुम्ही शिकलेलं, तुम्हीच सांगा — ती काढून मी पोरीला घालवलं, का घर वाचवलं?

न्हेतो म्हणतासा. किती दिवस? पोलिसात कळवायचं, भिजत ठेवायची, मग आतलं वढून काढायचं — आठवडा. आन् मग आणून देणार, मेलेली. न्या. न्या, त्या पोत्यात गुंडाळा, आत्ती यायच्या आत न्या. भांडतील, भांडू देत. हां, आडवी धरा, तोंड भिताडाकडं, सावकास —

थांबा.

ऐकलं? उचकी… थांबली. न्हाय — परत लागली. आज नववा हाय, सर. खाली ठेवा ती. हळू. न्हाय वं, तुमचं खरं हाय, सगळं खरं हाय, मला कळतंय की. त्या वक्ताला बी मला सगळं कळत हुतं.

शेगडीवर सकाळीच पाणी वतलंय मी. धुरी न्हाय, शेक न्हाय, उदबत्तीसुदिक न्हाय. आत्तींस्नी सांगीन, मला उष्णता झाली. तीन दिवसांवर बारसं हाय. नाव पडू दे, मग खुशाल या, न्या, भिजवा, काय करायचं ते करा. तवर आणा हिकडं. माझ्या हातात द्या.

जावा आता. आन् दार तेवढं — आपटू नका, हळूच वढा.