पेटीवरचा ळ

माहं माहेर रामाकोन्याचं. मी झाली मंगयवारी, म्हून बाबानं नाव ठेवलं मंगळा. पन पाहा जी, आमच्या बोलीत ळचा य होते, माय मले मंगये म्हने, आन् शाळा हिंदी, तिथं गुरुजीनं हजेरीत लिवलं मंगला, हिंदीत ळ नाही म्हने. आधारवरबी मंगलाच. बाबा लय चिडे, म्हने पोरीचं नाव बिगाडून टाकलं. मी म्हनलं, जाऊ द्या ना बाबा, जेवाले त हाक मारता.

लग्न होऊन पांढुर्ण्याले आली. मालकाचं माइक-भोंग्याचं काम, आन् साऱ्यायच्या पेट्या सारख्याच काया प्लास्टिकच्या, लग्न उरकलं की मोहगाववाल्याची पेटी आमच्या घरी, आमची त्याच्या घरी! म्हून मी नावं लिवाले बसली. ऑइलपेंट लावला त कांद्याच्या सालीवानी निंघाला. मंग काय सांगू तुमाले, चुकत चुकत शिकली, पयले रेजमालाच्या खरखरीत कागदानं घासाचं, स्पिरिटनं पुसाचं, मंग अक्षर कापलेला छापा ठेवून फवाऱ्यानं हलका हलका रंग, दोन डाव, वरून वार्निश, आन् आठ दिस पेटीले हातच लावाचा नाही. मंग पान्यात ठेवा का पोत्यानं घासा, अक्षर हालत नाही. आता शेतकऱ्यायच्या फवारनीच्या पेट्याबी माह्याच ओसरीत येऊन राहिल्या.

एक डाव तिगावचे बळीराम काळे अकरा पेट्या घेऊन आले. म्हने, बाई, जिंदगीभर दुसऱ्याच्या ब्यांडात वाजवलं, आता सोताचा काढला, पयली सुपारी हाय, नाव पक्कं लिवजा. म्या लिवलं. दुकानच्या छाप्यात ळ नव्हता, आन् मी जन्माची मंगला लिवनारी, हात आपसूक ल कडं गेला. ते न्याले आले, नाव वाचलं. मंग म्हने, बाई, हे बलीराम काले कोन होय?

अवं माय! मले त धरती फाटावी वाटलं. घासलं, निंघेना. थिनर लावलं त प्लास्टिकच चिपचिप झालं. माह्या पक्क्या कामानं माहीच फजिती केली. सुपारीले दहा दिस होते, म्या म्हनलं, भाऊ, पेट्या राहू द्या.

साऱ्या नावावर पिवया पट्टा मारला, आन् मालकाच्या मोडल्या हाताचा एक्स-रे घेऊन त्यातून ळ कापाले बसली. ळची दोन्ही पोटं कापली का आतला तुकडा खाली पडे, म्हून तो धरून ठेवाले बारीक काड्या न कापता सोडा लागल्या, चौथ्या डावाले जमला, आन् अकराबी पेट्यायवर नाव नव्यानं लिवलं. सुपारीच्या आदल्या दिवशी बळीभाऊ आले, दोन्ही ळवर बोट फिरवलं, आन् पेटी उघडून क्लॅरिनेट काढलं, ओसरीतच वाजवलं, सारी गल्ली जमली, मी त नाचलीच जी, या वयात!

तो एक्स-रे म्या जपून ठेवला. माह्या सामानाच्या पेटीवर त्याच्यानंच लिवलं, मंगळा. मंग बाबाले बोलावलं. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, मोठ्यानं वाचलं, हासला, आन् अक्षर नखानं खरडून पाह्यलं.

निंघत नाही बाबा, म्हनलं, आता कोनाच्यानंच निंघत नाही.