टॉर्चच्या नव्या बॅटऱ्या

अरे, आमच्या चाकणच्या कंपनीतली गंमत ऐका राव! रंग दिलेले पार्ट आम्ही छोट्या टॉर्चने तपासतो. उजेड मिणमिणायला लागला, म्हणून मी कासारवाडीत सलीमभाईंच्या दुकानात चार्जिंगच्या बॅटऱ्या घ्यायला गेलो.

"हिच्यावर नुसता ताकदीचा आकडा मोठा छापलाय, हातात घेतली तर कापूस! ही वजनदार घे," एक बॅटरी बाजूला सारत ते म्हणाले.

तसल्याच घेतल्या. कंपनीत येऊन टॉर्चमध्ये टाकल्या अन् सहज काल पास केलेल्या मालावर टॉर्च मारली. काय लख्ख उजेड! मी ओरडलोच, "साहेब, ओरखडा! इथेपण! अन् हा बघा फोड!"

सुपरवायझर साहेब धावत आले. माल न्यायला गाडी दारात उभी. त्यांनी हळूच विचारलं, "भावा, जुन्या बॅटऱ्या फेकल्या नाहीस ना?"