माझ्या नावाने दुकानात बसलेला माणूस

नाव: मुदस्सिर दाऊद परकार. वय: तेवीस. शिक्षण: सातवी, आठवीत थोडे दिवस. धंदा: स्टेडियममध्ये खुर्च्या बसवणे. राहणार: कंपनीचा कॅम्प, मेसईद, कतार. मूळ राहणार: तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी.

मी दोह्यातल्या पोलीस स्टेशनात स्वतः हजर आहे. दुभाषी नमिताताई, राहणार अल सद्द, दोहा, यांना मराठीत सांगतो, त्या लिहून घेऊन अरबी करणार आहेत. हकिगत अशी की,

वर्ल्डकपच्या आधी आमच्या स्टेडियममध्ये येत्या शुक्रवारी चाचणीची मॅच आहे. ज्यांनी खुर्च्या बसवल्या त्यांना बघायचे पास मिळणार आहेत, पण ज्याच्या ओळखपत्राच्या कार्डावर तक्रार असेल त्याला नाही, असे कॅम्पबॉसने सांगितले आहे. मला वरच्या रांगेत बसायचे आहे. त्या रांगेतला एकेक बोल्ट माझ्या हातचा आहे.

गेल्या महिन्यात मोबाईलवर मेसेज आला की, ओळखपत्राचा फोटो पाठवा, फायनलचे तिकीट जिंका. मी लगेच पाठवला, दोन्ही बाजूंनी. पुढे दुसरा मेसेज आला की, माझ्या नावावर हप्त्याचा फोन मंजूर झाला. मी फोन मागितलेला नव्हता. माझ्या खोलीत राहणारे कासमचाचा म्हणाले, "जर्सीवर नाव छापायचं होतं ना तुला? घे, लोकच तुझं नाव छापायला लागले." पण तेच मला घेऊन गेले. तो फोन आम्ही रद्द करवला, आणि बँकेत व मोबाईल कंपनीत माझ्या कार्डाला टाळे लावून घेतले, म्हणजे यापुढे माझ्या नावावर उधारीने काही द्यायचे नाही, कोणी मागितले तर आधी मला फोन करायचा.

आज दुपारी मी मेसईदहून दोह्याला येणाऱ्या बसमध्ये असताना फोन आला. अल सद्दमधल्या मोबाईलवाल्या दुकानदाराने हिंदीत विचारले, "मुदस्सिर भाई, आप मेरे सामने बैठे हो क्या?" मी म्हणालो, "नहीं, बस में बैठा हूँ." तो म्हणाला, "तो फिर ये कौन बैठा है?" मी म्हणालो, त्याला चहा पाजा, उठू देऊ नका, पोलिसांना कळवा.

उतरल्यावर मी पळतच गेलो. माझ्या नावाचा माणूस खुर्चीत बसला होता, माझ्याच वयाचा, बारीक. कार्डावर नाव माझे, नंबर माझा, फोटो त्याचा. दुकानदाराने आम्हा दोघांना जन्मतारीख विचारली. तो माझ्या आधी बोलला, आणि बरोबर बोलला. मला राग आला आणि हसूही आले. पाठ करून आला होता. मराठी थोडीच पाठ केली असेल, असे वाटून मी विचारले, "काय रे, जेवलास काय?"

तो म्हणाला, "न्हाई. कालपून न्हाई."

पोलीस येईपर्यंत मी त्याच्या शेजारी बसलो. दुकानदाराने पराठा मागवला, त्यातला अर्धा तो माणूस मला देत होता. तो बीडकडचा आहे. त्याची कंपनी बंद पडली, मालक कामगारांच्या कागदपत्रांसकट निघून गेला. माझ्या नावाचे कार्ड त्याला एका गाडीवाल्याने दिले, हप्त्यावर फोन आणून दे, मग तुझा पासपोर्ट सोडवून देतो, असे सांगून. गाडीवाला दुकानाबाहेर थांबला होता म्हणे. मी पोचलो तेव्हा गाडी नव्हती. आणखी काय बोलणे झाले असे विचारल्यावरून सांगतो की, विशेष काही नाही. गावाकडचे.

अधिकाऱ्यांनी समजावले की, या माणसाला मी ओळखत नाही एवढेच लिहिले तर माझे काम आजच खलास, माझ्यावर तक्रार नाही असे पाससाठी पत्रही मिळेल. गाडीवाल्याचेही लिहायचे असेल तर शुक्रवारी पुन्हा यावे लागेल, पत्र त्यानंतर. नमिताताईंनी विचारले, "मुदस्सिर, नीट विचार केलास ना?" केला. सगळे लिहावे. शुक्रवारी येतो. शक्यतो सकाळी बोलवावे, मॅच संध्याकाळी आहे.

माझ्या कार्डाचे टाळे आहे तसेच ठेवावे.

जबाब नमिताताईंनी मला वाचून दाखवला. त्यात 'अनोळखी इसम' असे आले होते. ते खोडून तिथे नवनाथ आसाराम घुले असे घालायला लावले, कारण हे नाव दाखवायला त्याच्याजवळ दुसरा कागद नाही. परत वाचून घेतला. आता बरोबर आहे.